इंग्लंडला पंतप्रधान नसतो

ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, ऋषी सुनक लंडनमध्ये पंतप्रधान झाले. मराठी वाहिन्यांवर आणि घराघरांतल्या फोनवर त्या आठवड्यात एकच वाक्य फिरत होतं : भारतीय वंशाचा माणूस इंग्लंडचा पंतप्रधान झाला. आनंद खरा होता, बातमीही खरी होती. चुकलं होतं ते देशाचं नाव. इंग्लंडला पंतप्रधान नसतो. सुनक ज्या राज्याचे पंतप्रधान झाले, त्याचं पूर्ण नाव ‘ग्रेट ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडचं संयुक्त राज्य’ असं आहे. इंग्लंड हा त्याच्या चार भागांपैकी एक. उरलेल्या तिन्ही भागांना स्वतःचं विधिमंडळ आणि स्वतःचं सरकार आहे, एडिनबरात, कार्डिफमध्ये आणि बेलफास्टमध्ये. साडेपाच कोटींहून अधिक वस्तीच्या इंग्लंडला मात्र वेगळं सरकार नाही. त्याचे कायदे लंडनच्या संसदेतच होतात आणि तिथे स्कॉटलंड-वेल्सचे खासदारही बसतात. हे न्यायाचं कसं, असा प्रश्न टॅम डॅलियेल या स्कॉटलंडमधल्याच खासदाराने १९७७ मध्ये विचारला होता. त्याच्या मतदारसंघावरून त्याला ‘वेस्ट लोदियनचा प्रश्न’ असं नाव पडलं. तो आजही सुटलेला नाही.

सुनक यांच्यानंतर पाच महिन्यांनी हमजा युसूफ स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारचे प्रमुख, झाले. त्याच काळात डब्लिनमध्ये लिओ वराडकर सरकार चालवत होते. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. २०१९ च्या अखेरीस वराडकर त्या गावात येऊन गेले, तेव्हा साऱ्या कोकणाला कौतुक वाटलं. पण ते ज्या देशाचे पंतप्रधान होते, तो आयर्लंड हे वेगळं, सार्वभौम प्रजासत्ताक आहे. त्याचं चलन युरो, त्याचा राष्ट्राध्यक्ष वेगळा, लंडनच्या राजाशी त्याचा काही संबंध नाही. तरीही एका लग्नात मी कानांनी ऐकलं, ‘आपला मालवणी माणूस तिकडे इंग्लंडात केवढ्या पदावर गेला बघा.’ आयरिश माणसाच्या कानावर हे वाक्य गेलं तर त्याला काय वाटेल, हे समजायला त्यांचा गेल्या आठशे वर्षांचा इतिहास थोडातरी माहीत हवा.

मी साताऱ्याच्या एका हायस्कुलात आयुष्यभर इतिहास शिकवला. माझी मुलगी परिचारिका आहे. आधी ती कार्डिफला होती, आता बेलफास्टला आहे, आणि दोन्ही ठिकाणी मी तिच्याकडे राहून आले आहे. त्यामुळे हा विषय माझ्याकडे दोन वाटांनी येतो, पुस्तकातून आणि लेकीच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून. त्या देशाची आणि तिथल्या माणसांची नावं मराठीत आपण फार सैलपणे वापरतो. त्याने त्यांचा अपमान होतो हे तर आहेच, पण आपलं नुकसान त्याहून मोठं आहे. आपल्यावर राज्य कोणी केलं, हेच आपल्याला नीट सांगता येत नाही.

आधी जमीन स्पष्ट करू. ग्रेट ब्रिटन हे बेटाचं नाव. त्यावर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स वसले आहेत. या ‘ग्रेट’मध्ये थोरवी नाही. समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये ब्रिटनी नावाचा प्रांत आहे, तो धाकटा आणि हे बेट थोरलं, एवढाच त्याचा अर्थ. पश्चिमेला आयर्लंडचं बेट आहे. त्याच्या ईशान्येकडचा तुकडा म्हणजे उत्तर आयर्लंड, तो संयुक्त राज्यात आहे, आणि बाकीचं सगळं प्रजासत्ताक. आइल ऑफ मॅन, जर्सी आणि गर्न्झी ही बेटं राजाच्या अमलाखाली आहेत, पण संयुक्त राज्याचा भाग नाहीत. भूगोलाच्या पुस्तकांत या साऱ्यांना मिळून ‘ब्रिटिश बेटं’ म्हणतात. डब्लिनचं सरकार हा शब्द वापरत नाही आणि त्याचं कारण उघड आहे. म्हणून दोन्ही सरकारं करारात ‘ही बेटं’ एवढंच लिहून पुढे जातात.

ही घडी एका दिवसात बसलेली नाही. वेल्स तेराव्या शतकाच्या शेवटी जिंकला गेला आणि १५३६ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये मिळवला गेला. स्कॉटलंडचं तसं नाही. ‘मॅडम, स्कॉटलंडही इंग्रजांनीच जिंकलं ना?’ हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी विचारायचाच. उलट, १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा जेम्स वारसाहक्काने इंग्लंडच्या गादीवर बसला. पुढे शंभर वर्षं दोन राज्यं, दोन संसदा आणि एक राजा असा कारभार चालला. १७०७ मध्ये दोन्ही संसदांनी ठराव केले आणि ‘ग्रेट ब्रिटन’ हे एक राज्य झालं. १८०१ मध्ये आयर्लंडला त्यात सामील करून ‘संयुक्त राज्य’ हे नाव आलं. १९२२ मध्ये आयर्लंडचा मोठा भाग बाहेर पडला आणि १९२७ मध्ये राज्याचं नाव बदलून आजचं केलं गेलं. म्हणजे टिळक जन्मले तेव्हाचं संयुक्त राज्य आणि आंबेडकर गोलमेज परिषदेला गेले तेव्हाचं संयुक्त राज्य, या दोन्हींच्या सीमा वेगळ्या होत्या.

आता आपल्याकडे या. शिवकाळात आपण जो ‘इंग्रज’ शब्द वापरला, तो अगदी अचूक होता. पोर्तुगिजांच्या तोंडून तो आपल्याकडे आला. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन आला, तेव्हा ब्रिटन नावाचं राज्यच अस्तित्वात नव्हतं. तो इंग्लंडच्या राजाचा प्रजाजन होता, त्याची कंपनी लंडनच्या व्यापाऱ्यांची होती आणि १६६८ मध्ये मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने तिला मिळालं होतं, तेही इंग्लंडच्या राजाकडून. आपल्या लोकांची नजर त्या काळी तीक्ष्ण होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त टोपीकरांचा विषय येतो, तिथे फिरंगी वेगळे, इंग्रज वेगळे, वलंदेज वेगळे, फरांसीस वेगळे आणि डिंगमार वेगळे आहेत. वलंदेज म्हणजे डच आणि डिंगमार म्हणजे डॅनिश. समुद्रावरून येणारा प्रत्येक टोपीवाला एकच, असं मानणं राज्याला परवडणारं नव्हतं. कोणाशी कोणाचं वैर आहे, कोणाचा राजा कोण, हे ठाऊक असल्याशिवाय आरमार चालत नाही.

ती नजर पुढे मंदावली. १७०७ नंतर समोरचा माणूस बदलला, त्याचं राज्य बदललं, आणि आपण जुनाच शब्द धरून बसलो.

बदल किती मोठा होता, हे महाराष्ट्रातच पाहता येतं. २३ सप्टेंबर १८०३ ला भोकरदनजवळ असईला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव झाला. पाठ्यपुस्तकातलं वाक्य ‘इंग्रजांनी मराठ्यांचा पराभव केला’ असं असतं. त्या दिवशीचा सेनापती आर्थर वेलस्ली डब्लिनमध्ये जन्मलेला होता. त्याच्याकडे गोऱ्या पायदळाच्या दोन पलटणी होत्या, चौऱ्याहत्तरावी आणि अठ्ठ्याहत्तरावी, आणि दोन्ही स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाच्या. चौऱ्याहत्तरावी तर जवळपास कापली गेली. बाकीचं सैन्य बहुतेक मद्रासकडचं, म्हणजे आपल्याच देशातल्या शिपायांचं. या चित्रात ‘इंग्रज’ शोधायला लागतात.

आणि १८१८? पुण्याचा रेसिडेंट आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटलंडच्या डंबार्टनचा. ज्याच्यापुढे दुसऱ्या बाजीरावाने शस्त्र ठेवलं, तो जॉन माल्कम स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरच्या लँगहोमजवळचा. एल्फिन्स्टननंतर मुंबईचा गव्हर्नरही तोच झाला. कृष्णेच्या दक्षिणेचा मुलूख ज्याने बसवला, तो टॉमस मन्रो ग्लासगोचा. आमच्या साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांजवळ रेसिडेंट म्हणून बसलेला कॅप्टन जेम्स ग्रँट डफ बॅन्फचा. मराठ्यांचा पहिला मोठा इतिहास त्यानेच लिहिला, १८२६ मध्ये, तीन खंडांत. पेशवाई बुडवणारे, तिच्या जागी कारभार लावणारे आणि वर तिचा इतिहास लिहिणारे हे चौघेही स्कॉट. त्यांना ‘इंग्रज’ म्हणणं म्हणजे निजामाच्या दरबारी माणसाला पेशव्यांचा माणूस म्हणण्यासारखं आहे.

हे स्कॉट लोक इतके का आले, हाही प्रश्न वर्गात विचारायला हवा. १६९८ मध्ये स्कॉटलंडने पनामाच्या संयोगभूमीवर, दारिएनला, स्वतःची वसाहत उभी करायचा प्रयत्न केला. तापाने माणसं मेली, स्पेनने वेढा घातला आणि दोन वर्षांत सगळं संपलं. देशातल्या हजारो घरांचा पैसा त्यात बुडाला. १७०७ च्या करारात इंग्लंडने जवळपास चार लाख पौंड मोजले. त्यातून दारिएनच्या भागधारकांची भरपाई झाली आणि स्कॉटलंडच्या व्यापाऱ्यांना इंग्लंडच्या वसाहतींचं दार उघडलं. पुढे हेन्री डंडास हा एडिनबराचा वकील लंडनमध्ये कंपनीवर देखरेख करणाऱ्या मंडळाचा प्रमुख झाला आणि त्याने आपल्या भागातल्या धाकट्या मुलांना हिंदुस्थानातल्या जागा मिळवून दिल्या. घरी जमीन थोडी, शिक्षण चांगलं, पुढे वाट नाही, अशी मुलं त्या काळी मुंबई-कलकत्त्याला निघत. ती स्वतःला काय म्हणवत? पुष्कळदा ‘नॉर्थ ब्रिटन’. ब्रिटिश हे नाव इंग्लंडपेक्षा स्कॉटलंडलाच जास्त हवं होतं, कारण त्या नावामुळेच साम्राज्यात बरोबरीची जागा मिळत होती.

म्हणून ‘इंग्रज’ या शब्दाबद्दल माझी तक्रार फक्त अचूकतेची नाही. स्कॉटलंडमध्ये आज एक सूर ऐकू येतो की साम्राज्य इंग्लंडने केलं, आम्ही त्यात ओढले गेलो, आम्हीही एका अर्थाने जिंकलेलेच. १८ सप्टेंबर २०१४ ला तिथे स्वातंत्र्यावर सार्वमत झालं, चौऱ्याऐंशी टक्क्यांहून जास्त मतदान झालं आणि पंचावन्न टक्के लोकांनी ‘नको’ म्हटलं. तो निर्णय त्यांचा आहे, त्यात आपण बोलायचं कारण नाही. पण साम्राज्याचा हिशेब निघतो तेव्हा आपण बोललंच पाहिजे. एल्फिन्स्टन, माल्कम, मन्रो, डफ यांना कोणी ओढून आणलं नव्हतं. आपण मराठीत सरसकट ‘इंग्रजांनी राज्य केलं’ असं लिहितो, तेव्हा स्कॉटलंडला त्या हिशेबातून आपल्याच हाताने सोडून देतो.

आणि श्रेयाचं काय? तेही चुकीच्या खात्यात जातं. जोतीराव फुले १८४१ मध्ये पुण्यात ज्या शाळेत दाखल झाले, ती स्कॉटिश मिशनची शाळा. स्कॉटलंडचं चर्च इंग्लंडच्या चर्चपासून वेगळं आहे. त्यात बिशप नाहीत, आणि गावागावात शाळा हवी असा कायदा त्या देशाने १६९६ मध्येच केला होता. गरिबाच्या पोराने वाचायला शिकलं पाहिजे, ही त्या लोकांची धर्मश्रद्धाच होती. जोतीरावांच्या वर्गात ती श्रद्धा होती असं मी म्हटलं तर ते धाडसाचं होणार नाही. डॉ. जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीवर उभं आहे, ते स्कॉटलंडमधल्या लॉडर गावचे. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत मराठी भाषेवरचं मोठं टिपण त्यांचंच आहे. गेटवे ऑफ इंडियाचा वास्तुविशारद जॉर्ज विटेट ब्लेअर अथोलचा. सावित्रीबाईंनी अहमदनगरला ज्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, त्या सिंथिया फॅरार तर अमेरिकन होत्या. त्यांना ‘इंग्रज बाई’ लिहिलेलं मी छापील पुस्तकात वाचलं आहे. ज्या परकीयांनी आपल्याला खरोखर काही दिलं, त्यांचा गाव तरी आपण विचारू नये?

आयर्लंडची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि माझ्या मते आपल्याला अधिक जवळची. टिळकांनी १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावला होमरूल लीग काढली, ते नाव आयर्लंडच्या चळवळीतून आलेलं. त्याच महिन्यात डब्लिनमध्ये उठाव झाला. त्यानंतर उठावाच्या नेत्यांना तुरुंगाच्या आवारात गोळ्या घालण्यात आल्या. १८४५ नंतरच्या दुष्काळात तिथे सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली, आणि त्याच वर्षांत तिथून धान्य बाहेर जात होतं. आपल्या १८७६ च्या दुष्काळाची हकिगत ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. भगिनी निवेदिता याच बेटावरच्या, टायरोन परगण्यातल्या डंगॅननच्या. पण जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला मायकेल ओड्वायरही आयर्लंडचाच, टिपरेरीचा. आणि त्यानंतर सव्वा वर्षाने, जून १९२० मध्ये, जालंधरच्या छावणीत कनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीने हत्यारं खाली ठेवली. आपल्या गावांवर ब्रिटिश फौज अत्याचार करत असताना आम्ही इथे तिची चाकरी करणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्यातल्या जेम्स डॅलीला नोव्हेंबरमध्ये डगशाईला गोळी घातली. भारतभूमीवर, ब्रिटिशांच्या गणवेशात, ब्रिटिशांविरुद्ध मेलेला तो तरुण आपल्या एकाही पाठ्यपुस्तकात मी पाहिलेला नाही. त्याला आपण काय म्हणणार? इंग्रज?

बेलफास्टला लेक राहते त्या भागात काही रस्त्यांच्या कडेचे दगड लाल-पांढऱ्या-निळ्या रंगात रंगवलेले आहेत, आणि दहा मिनिटं चाललं की खांबाखांबांवर हिरवा-पांढरा-केशरी तिरंगा लागतो. एकाच शहरातली, एकाच उच्चाराची माणसं, पण एक घर स्वतःला ब्रिटिश म्हणतं आणि दुसरं आयरिश. तीस वर्षं तिथे रक्त सांडलं, साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. १० एप्रिल १९९८ च्या करारात मग एक असाधारण गोष्ट लिहिली गेली. उत्तर आयर्लंडच्या माणसाने स्वतःला आयरिश म्हणावं, ब्रिटिश म्हणावं किंवा दोन्ही, तो त्याचा जन्मसिद्ध हक्क आहे, आणि दोन्ही सरकारं तो मानतील. टिळकांच्या महाराष्ट्रात ‘जन्मसिद्ध हक्क’ हे शब्द वाचताना अंगावर काटा येतो. २०२१ च्या जनगणनेत तिथल्या जवळपास ३२ टक्के लोकांनी फक्त ‘ब्रिटिश’, २९ टक्क्यांनी फक्त ‘आयरिश’ आणि सुमारे २० टक्क्यांनी फक्त ‘उत्तर आयरिश’ असं लिहिलं.

‘आई, इथे कोणाला आपण होऊन काही म्हणायचं नाही,’ लेकीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. ‘त्यांनी जे सांगितलं तेच म्हणायचं.’ तिच्या वॉर्डात दोन म्हाताऱ्या शेजारशेजारच्या खाटांवर होत्या. एकीने दुसऱ्या मोठ्या शहराचं नाव डेरी म्हणून घेतलं, दुसरीने तेच लंडनडेरी म्हणून. नाव उच्चारलं की माणूस कुठल्या बाजूचा हे तिथे कळतं. म्हणून काही लोक दोन्ही नावं एकापाठोपाठ, मधे तिरकी रेघ मारून लिहितात. बीबीसीनेही बातमीत आधी एक आणि नंतर दुसरं वापरायचा नियम केला आहे. शहराच्या एका नावासाठी एवढी काळजी घेणारे लोक पाहिल्यावर आपली ‘इंग्लंड’ ही सरसकट सवय मला फार उद्धट वाटू लागली.

वेल्सबद्दल थोडक्यात सांगते, कारण कार्डिफला मी कमी राहिले. लेकीची तिथली घरमालकीण सत्तरीची होती. तिच्याकडे चहाला बसलो असताना मी ‘तुम्हा इंग्लिश लोकांचा चहा’ असं काही म्हणणार, तोच लेकीने मला मराठीत थांबवलं. ती बाई घरात नातवंडांशी वेल्श बोलायची. साडेपाच लाखांच्या आसपास माणसं आज ती भाषा बोलतात. तिच्या आजोबांच्या वेळी काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवत. आज तिथल्या रस्त्यांवर दोन्ही भाषांत पाट्या आहेत. स्नोडन शिखराला आता तिथलं राष्ट्रीय उद्यान ‘अर विद्वा’ या जुन्या वेल्श नावानेच ओळखतं. मराठी शाळांची काळजी असलेल्या कोणालाही वेल्सकडून शिकण्यासारखं खूप आहे. पण त्यासाठी आधी वेल्स दिसायला हवं, आणि ‘इंग्लंड’ म्हटलं की ते दिसत नाही.

क्रिकेटमुळे आपला गोंधळ वाढतो, हे मान्य केलं पाहिजे. कसोटीत जो संघ ‘इंग्लंड’ म्हणून उतरतो, तो खरं तर इंग्लंड आणि वेल्स या दोघांचा, आणि मंडळाच्या नावातही दोन्ही आहेत. १९७२-७३ मध्ये भारतात आलेल्या संघाचा कर्णधार टोनी लुईस वेल्सच्या स्वॉन्झीचा. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सचिनसह सहा भारतीय खेळाडूंना शिक्षा ठोठावणारे सामनाधिकारी माइक डेनेस, ज्यांच्यावर आपण सगळे चिडलो होतो, ते इंग्लंडचे माजी कर्णधार, पण जन्माने स्कॉट. २०१९ चा विश्वचषक उचलणारा ओएन मॉर्गन डब्लिनचा. फुटबॉलमध्ये मात्र चौघांचे चार संघ आहेत. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८७२ मध्ये ग्लासगोत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यातच झाला. रग्बीत आयर्लंडचं अख्खं बेट एक संघ म्हणून खेळतं. ऑलिंपिकमध्ये ‘ग्रेट ब्रिटन’ आणि राष्ट्रकुल स्पर्धेत पुन्हा सगळे वेगळे. क्रीडापानावर काम करणाऱ्यांना हे पाठ असतं. तेवढीच शिस्त पहिल्या पानाने पाळली तरी पुष्कळ होईल.

यावर मला एक उत्तर नेहमी मिळतं, ‘बाई, त्यांनी तरी आपल्याला कुठे नीट ओळखलं? त्यांना आपण सगळे नेटिव्हच.’ हे खरं आहे आणि म्हणूनच मला ते पटत नाही. ज्या वागण्याचा आपल्याला राग आहे, तेच आपण का करावं? दक्षिणेकडच्या चार-पाच राज्यांतल्या माणसाला आपण ‘मद्रासी’ म्हणत आलो, बिहारच्या आणि उत्तर प्रदेशच्या माणसाला एकाच नावाने हाक मारत आलो. आपल्यालाही मुंबईत एका शब्दात गुंडाळलं गेलं आहे आणि तो शब्द अजून बोचतो.

‘ब्रिटिश’ या नावाबद्दल एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. तिथे स्थायिक झालेल्या मराठी माणसांना विचारा, ते ‘ब्रिटिश’ किंवा ‘ब्रिटिश इंडियन’ म्हणतील, ‘इंग्लिश’ क्वचितच. कायद्यात नागरिकत्व ‘ब्रिटिश’च आहे, इंग्लिश नागरिक असा प्रकार नाही. आणि ‘इंग्लिश’ म्हटलं की अजूनही अनेकांच्या मनात रक्ताचा, पिढ्यांचा अर्थ उभा राहतो. ‘ब्रिटिश’ हे नाव मुळातच वेगवेगळ्या लोकांना एका छताखाली आणायला वापरलं गेलं, त्यामुळे त्यात नवा माणूस मावतो. लेकीचा मुलगा तिथे वाढतो आहे. मोठेपणी तो कोणतं नाव घेईल ते त्याचं तो ठरवेल. बेलफास्टमध्ये तरी त्यासाठी कोणी त्याला अडवणार नाही.

आणि मायदेशाचं नाव म्हणाल, तर त्यांच्या शिपायांनी एक नाव आपल्याकडून नेलं. आपली ‘विलायत’, ‘विलायती’ त्यांच्या तोंडी ‘ब्लायटी’ झाली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत बसलेला गोरा शिपाई घराची आठवण काढताना हाच शब्द वापरायचा. त्या खंदकांच्या फळीवर १९१४-१५ मध्ये आमच्या सातारा जिल्ह्यातलेही शिपाई होते.

माझं म्हणणं व्यवहाराचं आहे. राज्याबद्दल आणि सरकारबद्दल लिहायचं तर ‘ब्रिटन’ किंवा ‘युनायटेड किंग्डम’ लिहावं. नागरिकाला ‘ब्रिटिश’ म्हणावं. ‘इंग्लंड’ आणि ‘इंग्लिश माणूस’ हे शब्द त्या भागापुरतेच ठेवावेत. स्कॉटलंडच्या माणसाला ‘स्कॉट’ किंवा ‘स्कॉटिश’ म्हणावं. जुन्या मराठी पुस्तकांतलं ‘स्कॉच’ आता व्हिस्कीपुरतं उरलं आहे. आयर्लंडबद्दल लिहिताना उत्तर की प्रजासत्ताक ते स्पष्ट करावं. पोवाड्यातला, बखरीतला, घरातल्या आजी-आजोबांच्या बोलण्यातला ‘इंग्रज’ जसा आहे तसा राहू द्या, तो आपल्या भाषेचा ठेवा आहे. १७०७ च्या आधीच्या इतिहासात तर तोच शब्द हवा. पण त्यानंतरच्या इतिहासाच्या नव्या पुस्तकांत, आणि आजच्या बातमीत, ‘ब्रिटिश’ लिहायला काही कष्ट पडत नाहीत.

पाठ्यपुस्तकात पेशवाईच्या शेवटाचा धडा येतो, तिथे त्या दोन बेटांचा एक नकाशा छापावा अशी माझी पाठ्यपुस्तक मंडळाला विनंती आहे. त्यावर १७०७, १८०१ आणि १९२२ च्या सीमा वेगवेगळ्या रंगांत दाखवाव्यात. आणि डंबार्टन, लँगहोम, ग्लासगो, बॅन्फ, डब्लिन अशी पाच गावं ठळक करून प्रत्येक गावासमोर तिथून महाराष्ट्रात आलेल्या माणसाचं नाव लिहावं.